घाटाखालच्या खाड्या : नाशिक आणि उत्तर कोकणातील किनारी प्रवासाचा इतिहास

नाशिक शहर अरबी समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम सव्वाशे किलोमीटरच्या आत वसलेले असूनही त्याचा इतिहास किनाऱ्याच्या संदर्भात फारसा लिहिला गेलेला नाही. तीर्थक्षेत्र, द्राक्षांचा मुलूख आणि अलीकडच्या काळात कारखान्यांचे शहर याच नात्यांनी त्याच्याकडे पाहण्याची रीत पडली आहे. शनिवार-रविवार जोडून मोटारीने घाट उतरायचा, डहाणू, दमण, वसई किंवा त्याहून दक्षिणेकडची अलिबाग, मुरूड अशी दोन-तीन किनारी गावे पाहायची आणि सोमवारी कामावर हजर व्हायचे, ही या शहरातील मित्रमंडळींची आजची सवयही त्यामुळे गेल्या तीस-चाळीस वर्षांतील नवी चैन समजली जाते. मोटार, ठरावीक सुट्टी आणि केवळ हिंडण्यासाठी हिंडणे या तिन्ही गोष्टी नव्या आहेत, हे खरेच. परंतु ज्या वाटांनी हा प्रवास होतो त्या वाटा आणि त्या वाटांवरचे अडथळे किमान दोन हजार वर्षांचे आहेत.

हे अडथळे दोन प्रकारचे आहेत. पहिला सह्याद्रीचा कडा, जो इगतपुरी, त्र्यंबक आणि पेठ या तिन्ही दिशांना पठार एकाएकी संपवून प्रवाशाला शेकडो मीटर खाली उतरवतो. आणि दुसरा किनाऱ्यावरच्या खाड्या, म्हणजे भरतीचे पाणी जिथवर आत शिरते ती नदीमुखे, जी एका बंदरातून दुसऱ्या बंदराकडे जाणाऱ्याची वाट दर काही कोसांवर तोडतात. इतिहासलेखकांचे लक्ष बहुधा घाटांवर खिळलेले दिसते, कारण घाटात किल्ले असतात, जकातीची नाकी असतात आणि लढायाही तिथेच होतात. प्रत्यक्षात घाट ही एका दिवसाची अडचण होती. बैल, गाढव किंवा माणूस पायवाटेने ती पार करू शकत असे. खाडी मात्र नावेवाचून आणि नावाड्यावाचून ओलांडता येत नसे, आणि नावाडी असला तरी भरती-ओहोटीचे वेळापत्रक त्याच्या हातात नसे. नाशिक आणि किनारी शहरे यांच्यातील प्रवासाचा इतिहास म्हणूनच घाटांपेक्षा खाड्यांचा इतिहास म्हणून वाचणे अधिक फलदायी ठरते.

या प्रदेशाची नैसर्गिक रचनाही हेच सुचवते. त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावणारी गोदावरी पूर्वेकडे वळून बंगालच्या उपसागराला मिळते, तर त्याच डोंगरांतून निघणारी वैतरणा पश्चिमेला वाहत विरार आणि अर्नाळ्याच्या परिसरात अरबी समुद्र गाठते. दमणगंगा, पार आणि अंबिका या नद्याही नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी, पेठ, सुरगाणा या पश्चिमेकडील डोंगराळ भागातच जन्म घेतात आणि पुढे गुजरातच्या किनाऱ्यावर समुद्रात शिरतात. नाशिकच्या प्रवाशाला किनाऱ्यावर ज्या खाड्या अडवतात, त्यांपैकी कित्येकींचे पाणी त्याच्याच जिल्ह्यातून उतरलेले असते.

नाशिकहून खाली जाणाऱ्या वाटांचे तीन मुख्य जुडगे सांगता येतात. पहिली वाट इगतपुरीजवळच्या थळ घाटाची, जिला आज सर्वजण कसारा घाट म्हणतात; ती शहापूर, भिवंडीमार्गे कल्याण, ठाणे आणि सोपारा या बंदरांकडे जाते. दुसरी त्र्यंबकहून मोखाडा, जव्हारमार्गे पालघर आणि डहाणूच्या किनाऱ्यावर उतरते. आणि तिसरी पेठवरून सावळघाट व पुढचे डोंगर ओलांडून धरमपूर, पारडी, दमण या बाजूला निघते. थळ घाटाची वाट सर्वांत रुंद आणि सर्वांत प्रसिद्ध असली, तरी उरलेल्या दोन वाटा अंतराने जवळच्या होत्या, आणि पुढे येणाऱ्या इतिहासात त्यांचे महत्त्व कधी वाढले व कधी घटले हे लक्षात ठेवावे लागते.

या वाटांच्या टोकाशी असलेल्या शहरांत सोपाऱ्याचे, म्हणजे प्राचीन शूर्पारकाचे, स्थान सर्वांत जुने आहे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली येथे सापडला, आणि नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये हाती आला. इ.स. पूर्व तिसऱ्या शतकात मौर्यांची आज्ञा दगडावर कोरून लावावी इतकी वर्दळ या बंदरात होती, एवढे त्यावरून निश्चित होते. त्याच १८८२ साली भगवानलालांनी येथील स्तूप उकरून त्यातील अवशेषपात्रे उजेडात आणली. नाशिकच्या पांडवलेणीतील लेखांच्या वाचनात ज्यांचा मोठा वाटा आहे तेही भगवानलालच. एकाच अभ्यासकाने वाटेची दोन्ही टोके हाताळावीत हा योगायोग नव्हे, कारण एका टोकाचे लेख वाचले की दुसऱ्या टोकाचे नाव त्यात येतेच.

पांडवलेणी, ज्यांच्या डोंगराला लेखांमध्ये त्रिरश्मी असे नाव आहे, ही मुंबई-आग्रा रस्त्याच्या अगदी कडेची बौद्ध लेणी आहेत. त्यांतील दहाव्या क्रमांकाचे लेणे पश्चिमी क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने खोदवले. क्षत्रप म्हणजे मुळात शक राजवटीतील प्रांताधिपती. नहपानाच्या काळापर्यंत हे अधिपती जवळजवळ स्वतंत्र राजे झाले होते. उषवदाताच्या लेखांत ४१ ते ४५ ही वर्षे येतात. ती कोणत्या कालगणनेची यावर विद्वानांत दीर्घ वाद झाला असला, तरी नहपानाचा काळ इ.स.च्या पहिल्या शतकाच्या मध्याजवळ ठेवण्याकडे आज अधिक कल आहे. या लेण्याच्या ओवरीत कोरलेला दानांचा तपशील भारतातील प्रवासाच्या इतिहासाला मिळालेला एक दुर्मीळ दस्तऐवज मानला पाहिजे.

उषवदाताने भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपुर म्हणजे मंदसोर, गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचे गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे सोपारा या चार ठिकाणी चतुःशाला, आवसथ आणि प्रतिश्रय बांधले. चतुःशाला म्हणजे मधल्या चौकाभोवती चारही बाजूंनी ओवऱ्या असलेली वास्तू. आवसथ आणि प्रतिश्रय हे प्रवाशाच्या मुक्कामाचे व आसऱ्याचे प्रकार. त्यांच्या जोडीला त्याने बागा, तळी आणि विहिरी केल्या. याहून महत्त्वाचे असे की इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर त्याने नावा ठेवून पुण्यतर सुरू केला, म्हणजे उतारूकडून काही न घेता त्याला पैलतीरी पोचवण्याची सोय केली, आणि या नद्यांच्या दोन्ही काठांवर सभा आणि प्रपा बांधल्या. सभा म्हणजे थांबलेल्या लोकांना बसण्याउठण्याची जागा, आणि प्रपा म्हणजे पाणपोई. या नद्यांची ओळख अभ्यासकांनी साधारणपणे अंबिका, पार, दमणगंगा, तापी, अंबिकेला मिळणारी कावेरी आणि डहाणूची खाडी अशी लावली आहे.

ही यादी नकाशावर ठेवून पाहिली की तिचा अर्थ उलगडतो. उत्तरेला भडोच, दक्षिणेला सोपारा, आणि या दोन बंदरांच्या मधे किनाऱ्याला आडव्या येणाऱ्या नेमक्या याच नद्या. तिसऱ्या टोकाला घाटमाथ्यावरचे गोवर्धन. तिन्ही मिळून एक त्रिकोण होतो, आणि त्या त्रिकोणाची सर्वांत कच्ची बाजू किनाऱ्याची आहे, हे उषवदाताला किंवा त्याच्या सल्लागारांना पक्के ठाऊक होते. घाटात रस्ता बांधल्याचा उल्लेख या लेखात नाही. खर्च झाला तो नावांवर, काठावरच्या निवाऱ्यावर आणि पिण्याच्या पाण्यावर. भरतीची वाट पाहत खोळंबलेल्या माणसाला सावली आणि पाणी लागते, एवढी व्यवहारी जाण या दानामागे दिसते, आणि दानलेखांत ती क्वचितच आढळते.

किनारा आणि घाटमाथा यांचे आर्थिक नातेही याच लेखांतून कळते. नानंगोल या गावातील, ज्याची ओळख संजाणजवळच्या नारगोळशी लावली जाते, ३२,००० नारळाची झाडे उषवदाताने पिंडितकवड, गोवर्धन, सुवर्णमुख आणि शूर्पारकातील रामतीर्थ येथे राहणाऱ्या चरक पंथाच्या परिव्राजकांना दिली. म्हणजे समुद्रकाठच्या माडांच्या उत्पन्नावर गोवर्धनातील साधूंचा चरितार्थ चालावा अशी योजना होती. दुसऱ्या एका दानात गोवर्धनातील विणकरांच्या श्रेणींकडे, श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांची संघटित मंडळी, त्याने ३,००० कार्षापण नाणी कायम ठेव म्हणून ठेवली: एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा एक दराने आणि दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेच्या वर्षाच्या २४० कार्षापण व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ प्रमाणे वस्त्रांसाठी पैसे मिळत. ज्या गावच्या विणकरांवर मुद्दल बुडणार नाही असा विश्वास राज्यकर्त्याच्या जावयाला वाटत होता, त्या गावाचे कापड केवळ स्थानिक बाजारात खपत नसणार हे उघड आहे.

दान आणि धोरण यांची येथे सरमिसळ झालेली आहे, हेही नजरेआड करता येत नाही. त्याच सुमारास एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस या सागरी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे नोंदवलेली आहेत, आणि कल्याणविषयी असे सांगितले आहे की पूर्वी तेथे व्यापार मोकळेपणाने चाले, परंतु पुढे निर्बंध आले आणि चुकून तिकडे गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. कल्याण सातवाहनांच्या बाजूचे आणि भडोच क्षत्रपांचे. माल आणि माणसे भडोचकडे वळावीत यात नहपानाचा सरळ फायदा होता. किनाऱ्यावरचा फुकट तर हा पुण्याचा मार्ग होता तसाच तो गिऱ्हाईक खेचण्याचाही मार्ग असावा. त्यामुळे त्याची थोरवी कमी होत नाही. धर्मकार्य आणि राजकारण एकाच खर्चात साधणे हे त्या काळी दूषण मानले जात नसे.

ही व्यवस्था क्षत्रपांच्या हाती फार काळ राहिली नाही. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, आणि त्याचा पुरावा नाशिकजवळच जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांत मिळाला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर नहपानाच्या छापावर सातकर्णीचा छाप पुन्हा मारलेला आहे. पांडवलेणीतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या पुत्राच्या राज्यातील प्रदेशांची नावे येतात, त्यांत अपरांत म्हणजे कोकणचा उत्तर किनारा आहे. सत्ता बदलली तरी वाटेवरची माणसे तीच राहिली असावीत: मावळातील बेडसे लेण्यात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाने दिलेल्या दानाची नोंद आहे, आणि कान्हेरीच्या दात्यांत कल्याण व सोपाऱ्याचे व्यापारी वारंवार भेटतात.

या काळातील प्रवासी एकटा निघत नसे. सार्थ म्हणजे एकत्र प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यांचा तांडा आणि सार्थवाह म्हणजे त्याचा म्होरक्या, ज्याला वाट, पाणवठे, जकाती आणि चोरांच्या जागा ठाऊक असत; भिक्षू, यात्रेकरू आणि एकटेदुकटे वाटसरू अशा तांड्याच्या आश्रयाने चालत. सोबत ही त्या काळी हौसेची नव्हे, जिवाची बाब होती. तरीही तिच्यातून गप्पांची आणि सांगण्या-ऐकण्याची संस्कृती उभी राहिलीच. उद्योतनसूरीने इ.स. ७७९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत कथाग्रंथात सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांचा मेळा रंगवलेला आहे. तेथे देशोदेशीचे व्यापारी जमतात आणि आपण कुठे गेलो, काय नेले, काय आणले हे एकमेकांना सांगतात. कथा कल्पित असली तरी बंदराच्या गावातील अशा बैठका लेखकाच्या काळी ओळखीच्या होत्या, एवढे त्यावरून म्हणता येते.

त्याच शतकातला आणखी एक पुरावा त्र्यंबकच्या वाटेवरील अंजनेरीचा आहे. तेथे मिळालेले भोगशक्ती या राजाचे ताम्रपट कलचुरी संवत ४६१ चे, म्हणजे सुमारे इ.स. ७१० चे असून, या घराण्याची सत्ता पुरी-कोकण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, १४,००० गावांच्या मानल्या गेलेल्या किनारी देशावर होती. ओस पडलेले समगिरी नावाचे पट्टण, म्हणजे व्यापारी पेठेचे गाव, पुन्हा वसवताना भोगशक्तीने तेथील व्यापाऱ्यांना जकात माफ केली आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या मुक्कामाचा खर्च त्यांच्यावर पडणार नाही अशी हमी दिली. अंजनेरी आणि किनारा एकाच राज्यात असणे आज चमत्कारिक वाटत असले, तरी घाटाच्या दोन्ही अंगांना एकच धनी असला की वाट सुरक्षित राहते हे त्यामागचे साधे गणित होते.

मध्ययुगाचा मोठा भाग येथे झपाट्याने ओलांडता येईल, कारण वाटा त्याच राहिल्या आणि धनी बदलत गेले. सतराव्या शतकात मात्र दुसऱ्या वाटेला, म्हणजे त्र्यंबक-जव्हारच्या वाटेला, एकाएकी प्रसिद्धी मिळाली. जानेवारी १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरतेवर केलेली चाल नाशिक-त्र्यंबकच्या बाजूने झाली, आणि जव्हारजवळच्या शिरपामाळ येथे जव्हारच्या राजाने त्यांचे स्वागत करून मानाचा तुरा दिला अशी स्थानिक परंपरा सांगते. १६७० मधील दुसऱ्या स्वारीहून परतताना वणी-दिंडोरीजवळ मोगलांशी झालेली लढाई ही याच डोंगराळ पट्ट्याची गोष्ट आहे. किनाऱ्यावर एव्हाना पोर्तुगीजांनी दमण १५५९ पासून आणि वसई १५३४ पासून धरून ठेवली होती. पैकी वसई चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये घेतली. त्या विजयाची एक वजनदार खूण नाशिकच्या पंचवटीत आहे: नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ मध्ये बांधलेल्या रामेश्वर मंदिराच्या वेशीवरची, ‘नारोशंकराची घंटा’ म्हणून प्रसिद्ध असलेली घंटा पोर्तुगालमध्ये १७२१ साली ओतलेली असून ती वसईच्या विजयाशी जोडली जाते. नाशिककर ती पाहतात, तिच्या नादाच्या गोष्टी सांगतात. ती कोणत्या घाटाने चढवून आणली असेल याचा विचार मात्र फारसा होत नाही.

शांततेच्या काळात या वाटांवरचा खरा प्रवासी लमाण होता. बैलांच्या पाठीवर गोणी लादून चालणारे त्यांचे तांडे किनाऱ्याच्या मिठागरांतले मीठ, नारळ, खजूर आणि सुकी मासळी वर आणीत आणि धान्य, कापड, तांब्यापितळेची भांडी खाली नेत. पावसाळ्यात घाट निसरडे होत, खाड्यांना उधाण येई आणि बंदरेही बंद असत, त्यामुळे चार महिने वाहतूक थांबे. आज ज्या महिन्यांत धबधब्यांसाठी कसारा घाटात मोटारींची रांग लागते, नेमक्या त्याच महिन्यांत पूर्वीचा शहाणा माणूस घाटाच्या वाटेला जात नसे. यात्रेचा ओघ उलट दिशेचा होता. सिंहस्थ आणि श्राद्धकर्मे यांसाठी कोकणातील घराणी नाशिक-त्र्यंबकला चढून येत, आणि त्यांची नावे तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिली जात. नाशिकचा माणूस मात्र किनाऱ्यावर जाई तो व्यापारासाठी, चाकरीसाठी किंवा फौजेबरोबर. समुद्र पाहण्यासाठी समुद्राकाठी जाण्याची कल्पना त्याला विचित्रच वाटली असती. ती युरोपातही जुनी नव्हती: इंग्लंडमध्ये रेल्वे आल्यावर आणि १८७१ च्या कायद्याने बँकांच्या सुट्ट्या ठरल्यावरच सामान्य माणूस एका दिवसासाठी समुद्रकिनारी जाऊ लागला.

इंग्रजी अमलात थळ घाटातून आधी मुंबई-आग्रा रस्ता आणि मग लोहमार्ग गेला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा कसारा ते इगतपुरी हा सुमारे १५ किलोमीटरचा टप्पा १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. ३७ फुटांना एक फूट असा त्याचा चढ आहे, आणि आजही वर चढणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून ढकलणारी जादा इंजिने जोडावी लागतात. दुसरीकडे गुजरातकडून येणारी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे वैतरणा आणि वसईच्या खाडीवर पूल टाकत १८६४ च्या अखेरीस मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोचली. सुरतेपासून मुंबईपर्यंत किनाऱ्याने नावेत न बसता, भरतीची वाट न पाहता जाणे इतिहासात प्रथमच शक्य झाले, आणि हे काम घाटातील बोगद्यांहून कमी मोलाचे नव्हते, जरी त्याची कीर्ती तेवढी झाली नाही.

परंतु या दोन लोहमार्गांनी नाशिकपुरता एक उलटा परिणामही केला. दोन्ही मार्ग मुंबईच्या पदराशी येऊन मिळत असल्यामुळे, नाशिकहून डहाणूला जाणाऱ्याला आधी कल्याण, दादर गाठून मग पुन्हा उत्तरेकडे वळावे लागे. जव्हार किंवा पेठच्या वाटेने जे अंतर थोडे होते ते रेल्वेने दुपटीहून अधिक झाले. माल आणि माणसे रेल्वेकडे वळली, तशा या दोन जुन्या वाटा आदिवासी पाड्यांच्या आणि छोट्या संस्थानांच्या वापरापुरत्या उरल्या. उषवदाताचा त्रिकोण मोडला आणि त्याच्या जागी मुंबई या एकाच बिंदूकडे धावणाऱ्या दोन रेषा आल्या. पुढची जवळजवळ शंभर वर्षे नाशिककराच्या मनात समुद्र म्हणजे मुंबई, हे समीकरण पक्के राहिले ते यामुळेच.

हिंडण्यासाठी वेळ मिळाला तोही याच मुंबईतून. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी चालवलेल्या चळवळीला यश येऊन १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्याआधी कामगाराची सुट्टी सणावारांवर अवलंबून होती. नाशिकमध्ये ठरावीक वेळेची नोकरी करणारा मोठा वर्ग १९२५ च्या सुमारास नाशिक रोडला सरकारी मुद्रणालय आल्यापासून वाढू लागला, आणि १९६० नंतर सातपूरची औद्योगिक वसाहत व ओझरचा विमान कारखाना यांनी त्याला संख्या दिली. केंद्र सरकारच्या कार्यालयांना १९८५ मध्ये आणि महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. दोन दिवसांची सहल ही त्या अर्थाने कामगार चळवळीची आणि सरकारी परिपत्रकांची देणगी आहे, हे सहल काढणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असते.

वाहनाची गोष्ट याला समांतर चालली. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली सरकारी एसटी धावली आणि पुढे जव्हार, पेठ, डहाणू ही गावे नाशिकशी थेट जोडली जाऊ लागली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली, तेव्हा चार-पाच जणांनी स्वतःच्या वेळापत्रकाने प्रवास करणे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. सार्थवाहाची जागा गाडीच्या मालकाने घेतली असे म्हणणे थोडे थट्टेचे वाटेल. पण डिझेल-पेट्रोलचा खर्च वाटून घेणे, वाट माहीत असलेल्याने पुढे बसणे आणि मुक्काम कुठे करायचा यावर वाद घालणे हे तांड्याचेच व्यवहार आहेत. सोबत मात्र आता गरजेची न राहता आवडीची झाली.

मोटारीने घडवलेला खरा बदल भूगोलाचा आहे. तिने रेल्वेने मोडलेला त्रिकोण पुन्हा जोडला. त्र्यंबक-मोखाडा-जव्हारची वाट डहाणू आणि बोर्डीकडे जाणाऱ्यांची, आणि पेठ-कपराडा-वापीची वाट दमणकडे जाणाऱ्यांची नेहमीची झाली. दमण १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त होईपर्यंत परदेशी मुलूख होता. आज नाशिकचे तरुण तेथे किल्ला पाहण्यापेक्षा अन्य कारणांनी अधिक जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. तरी दमणगंगेच्या दोन काठांवर समोरासमोर उभे असलेले मोटी दमण आणि नानी दमण यांचे कोट पाहिल्याशिवाय परतणे ही त्या प्रवासाची हेळसांड आहे. सोपाऱ्याचे दुर्दैव याहून मोठे म्हणावे लागेल. नालासोपाऱ्याच्या दाट वस्तीशेजारचा तो स्तूप नाशिकच्या सहलींच्या यादीत सहसा नसतो.

घाटाची अडचण आता जवळजवळ संपली आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि त्यावरील सुमारे ८ किलोमीटर लांबीच्या बोगद्याने सह्याद्रीचा कडा काही मिनिटांत मागे पडतो. खाड्यांचे तसे नाही. उत्तर किनाऱ्यावर पूल असले तरी वसई आणि भाईंदर यांच्या दरम्यान मोटारी वाहणारी रो-रो बोट फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू करावी लागली, आणि मांडव्याला जाणारी तशीच बोट मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून सुटते. मुरूडहून पुढे श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशी गावे एका दमात पाहू इच्छिणाऱ्या नाशिककराची गाडी आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेशवी आणि दाभोळ-धोपावे येथे फेरीबोटीवर चढवावी लागते. यांपैकी दाभोळची सेवा २००३ पासून चालू आहे. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गाची कल्पना अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० च्या दशकाच्या आरंभी, पुढे आली. त्या मार्गावरील मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याची कामे चाळीस वर्षांनी हाती घेण्यात आली असून, ती पूर्ण होईपर्यंत फेरीबोटीचे वेळापत्रक पाहूनच नाशिकहून निघावे.